चला, सह्याद्रीच्या वाटा तुडवू या!

बालमित्रांनो, डोंगरातली पायवाट कोण बांधतं, सांगा बरं? कोणीच नाही! पावलांमागून पावलं पडत गेली, गवत मळलं, की झाली वाट. आपल्या सह्याद्रीत अशा कितीतरी वाटा आहेत. पावसाळा सरला, की आई-बाबांना बरोबर घ्या आणि त्यातली एखादी धरा.

पहिली नाणेघाटाची. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना वैशाखरे गाव लागतं. तिथून जवळच ही वाट सुरू होते आणि जंगलातून घाटमाथ्यावर चढते. वाट किती जुनी? तब्बल दोन हजार वर्षांची! सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल इथूनच जुन्नरकडे जायचा. वरच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यातले आकडे निरखून बघा. तुम्ही वहीत लिहिता ना, त्या अंकांचे ते पूर्वज! जवळच भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

दुसरी कळसूबाईची. उंची १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून चढायचं. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर कळसूबाईचं चिमुकलं देऊळ आहे.

तिसरी राजमाचीची. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटरची चाल. पुढे श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडकिल्ले.

याच वाटेवर मला चांगलाच धडा मिळाला. सहावीची मुलं घेऊन आम्ही दोघं शिक्षक निघालो होतो. धुकं दाटलं होतं. निघताना मी मुलं मोजली. खाऊ खाऊन पुन्हा चालू लागलो, तेव्हा मात्र मोजली नाहीत. बुटाची नाडी बांधायला मागे राहिलेला एक मुलगा ढोरवाटेला लागला. गुरांच्या पायांनी पडलेल्या या वाटा अगदी खऱ्या वाटेसारख्या दिसतात आणि मधेच झुडपांत संपतात. आम्ही हाका मारून मारून थकलो. माझ्या पोटात गोळाच आला. अर्ध्या तासानं कुठूनतरी शिट्टी ऐकू आली. वाट संपल्यावर तो घाबरून पळत सुटला नव्हता. तिथंच एका झाडाला टेकून शिट्टी वाजवत बसला होता! शहाणा तो, चुकले मी.

तेव्हापासून प्रत्येक थांब्यावर मी मुलं मोजते. रांगेच्या शेवटी एक मोठं माणूस ठेवते. पालकहो, तुम्हीही हे कराच. गावातला वाटाड्या बरोबर घ्या आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा.

आणि मुलांनो, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी, पाठीवर पाण्याची बाटली हवी. वाट चुकली, तर आहे तिथंच थांबा आणि शिट्टी वाजवा. खाऊचे रिकामे कागद खिशातून घरी आणा. गुहेजवळ आरडाओरडा नको. वर मधमाश्यांचं पोळं असू शकतं.

मग, यंदाच्या सुट्टीत कोणती वाट धरणार?