रनिंग कमी म्हणजे गाडी चांगली?

‘मॉडेल जुनं आहे, पण रनिंग फक्त ३० हजार!’ निफाड-लासलगाव पट्ट्यात कुणी जुनी गाडी विकायला काढली की हे वाक्य ठरलेलं. घेणारा तेवढ्यावरच हुरळतो आणि वर २०-३० हजार जास्त मोजतो.

जरा हिशेब करा. दहा वर्षांत ३० हजार म्हणजे दिवसाला जेमतेम आठ किलोमीटर. घर ते मळा, मळा ते बाजार समिती. एवढ्यात इंजिन धड तापतही नाही. मग पाण्याची वाफ आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. कंपनीच्या पुस्तिकेत ऑइल बदलायची मुदत किलोमीटर आणि महिने अशी दोन्हींत देऊन ‘जे आधी होईल ते’ असं छापलेलं असतं, ते उगाच नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. टायर, होज, बुश यांचं रबर शेडमध्ये उभ्या गाडीतही कडक होतं, तडकतं. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग तर मीटरवर दिसतच नाही. त्यापेक्षा रोज नाशिकला ये-जा करून पाच वर्षांत लाखभर चाललेली, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण आधी बघेन. क्लच आणि सस्पेन्शनचा खर्च धरून भाव पाडायचा, एवढंच.

आणि ते ३० हजार खरेच कशावरून? डिजिटल मीटरही मागे फिरवता येतं. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ची आणि चारही टायर २०२१चे असतील, तर विचारा, का बदलले? वयामुळे बदलले असतील तर ठीक. झिजले म्हणून बदलले असतील तर मीटर खोटं बोलतंय. ब्रेक पेडलचं गुळगुळीत झालेलं रबरही तेच सांगतं. सर्व्हिसच्या नोंदी मागा. ‘हरवल्या’ हे उत्तर मी तरी नकार समजतो.

बाकीचे समजही निकालात काढू. ‘१५ वर्षांनी गाडी भंगारात’: तो दिल्लीचा नियम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार आपल्याकडे तपासणी करून खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पर्यावरण कर मात्र भरावा लागतो. ‘पासिंगचं साल तेच मॉडेल’: नाही, आरसीवर उत्पादनाचा महिना वेगळा असतो, तो वाचा. ‘विमा आपोआप आपल्या नावावर होतो’: फक्त थर्ड पार्टीचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि इंजिन आधी चालू करू नका असं मालकाला बजावून ठेवा. निफाडच्या थंडीत पहिल्या स्टार्टला बॅटरी आणि इंजिन दोन्ही उघडे पडतात. बॉनेट हाताला गरम लागलं, तर चहा घ्या आणि परत या.