तारपा नाच : अंगणातून मंचावर येताना



स्नेहसंमेलन जवळ आलं, किंवा 9 ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आला, की शिक्षकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : "आदिवासी नृत्य बसवायचंय, गाणं कुठलं घेऊ?" प्रश्न चांगल्या मनानेच विचारलेला असतो. पण पालघर जिल्ह्यातल्या तारपा नाचाबद्दल बोलायचं तर तो उलट्या टोकाने सुरू होतो. हा नाच गाण्यावर उभा नसतो. तो उभा असतो तारपा वाजवणाऱ्या माणसावर.

तारपा म्हणजे वाळवलेल्या दुधी भोपळ्याचं फुंकवाद्य. भोपळ्याला बांबूच्या दोन नळ्या मेणाने घट्ट बसवतात, त्यांना बोटांसाठी भोकं असतात, आत पातळ जिभळ्या असतात. खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला मोठा कर्णा. वाजवणाऱ्याला तारपकरी म्हणतात. तो श्वास न तोडता वाजवतो. गाल फुगलेले ठेवून नाकाने हवा आत घ्यायची आणि त्याच वेळी तोंडाने फुंकत राहायचं. (मुलांना एकदा ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने असं करून बघायला सांगा. फुग्यांमध्ये खंड न पडू देणं किती अवघड आहे ते लगेच कळतं.)

वारली, कोकणा, मल्हार कोळी या समाजांत भात तयार व्हायला लागलं की तारपा निघतो आणि दिवाळीपर्यंत गावोगाव घुमतो. नवं धान्य, कणसरी म्हणजे धान्याची देवी, आणि नाच हे सगळं एकमेकांत गुंफलेलं आहे. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. पुढचा गडी घुंगरं बांधलेली काठी जमिनीवर आपटत साखळी नेतो. तारपकरी मध्ये. तो वळला की साखळी वळते, त्याने चाल बदलली की पाय बदलतात. आणि एक नियम फार महत्त्वाचा : तारप्याकडे पाठ करायची नाही.

वारली चित्रांत जे गोल गोल वेटोळं दिसतं ते हेच. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं जगभर नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या वह्यांच्या कव्हरवर, पडद्यांवर ते वेटोळं सर्रास असतं, पण मध्ये कोण उभा आहे याकडे लक्ष जात नाही. चित्र फळ्यावर लावून फक्त एवढंच विचारा, "हे सगळे कुणाकडे बघतायत?" अर्धा पाठ तिथेच होतो.

आता खरी अडचण. मंचावर प्रेक्षक एका बाजूला बसलेले. वेटोळं घातलं तर निम्म्यांची पाठ प्रेक्षकांकडे. मग आपण काय करतो? मुलांना सरळ रांगेत, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं करतो, पेनड्राइव्हवरचा तारपा लावतो, आणि तारपकरीच गायब! रेकॉर्डिंग काही मुलांकडे बघून चाल बदलत नाही. पाय दमले की थांबत नाही. नाचणारा आणि वाजवणारा यांच्यातलं नातं होतं तेच निघून जातं. वर पानांचे घागरे आणि तोंडाला काळे-पांढरे पट्टे. वारली बाई नाचताना लुगडं नेसते हो, पानं नाही.

याचा अर्थ नाच बदलूच नये असं मी म्हणत नाही. तो बदलतोच आहे. तरुण पथकं मिरवणुकीत, महोत्सवात, दिल्लीच्या कार्यक्रमांत तारपा नाचतात आणि तो हंगाम सोडूनही होतो. जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा या ज्येष्ठ तारपकऱ्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचं या तरुणांना केवढं अप्रूप! प्रश्न बदलाचा नाही, बदल कोण ठरवतं याचा आहे.

इथे ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण उपयोगी पडेल. सिडनीत 1989 साली बांगारा नावाची नृत्यसंस्था सुरू झाली. तिथल्या मूळ रहिवाशांचीच ती आहे. प्रकाशयोजना, संगीत, मंच सगळं आधुनिक. पण एखाद्या समाजाची गोष्ट घ्यायची तर आधी त्या समाजाकडे जायचं, ज्येष्ठांना विचारायचं, त्यांच्याकडून शिकायचं आणि मगच नाच बसवायचा, ही त्यांची रीत. 'चालेल' असं ज्येष्ठ म्हणाले तर ते मंचावर येतं.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाहीये. पालघर, जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या शाळांत तर मुलांच्या आजोबांपैकीच कुणीतरी तारपकरी निघेल. त्यांना बोलवा. नाच मंचावर न घेता मैदानात घ्या, प्रेक्षकांना भोवती गोल बसवा. पाठ-तोंडाचा प्रश्नच मिटतो. काय दाखवायचं, काय नाही, हे आजोबांना ठरवू द्या. आणि साउंडवाल्याला आपण पैसे देतो ना, तसंच तारपकऱ्यालाही मानधन द्या, नुसती शाल-नारळ नको. जे शहरात आहेत आणि ज्यांना कुणी मिळणार नाही, त्यांनी नाच बसवण्याऐवजी त्या दिवशी व्हिडिओ दाखवून वेटोळ्याचं चित्र काढून घेतलं तरी चालेल.