विसरलेली पिशवी, परतलेला ऐवज

लग्नाचा हंगाम सुरू झाला की वृत्तपत्रांच्या शहर पानावर एक बातमी हमखास येते. दागिन्यांची पिशवी रिक्षात विसरून एखादे कुटुंब मंगल कार्यालयात पोहोचते. मुहूर्त जवळ आलेला असतो, आणि सनईऐवजी रडारडच ऐकू येऊ लागते. तासाभराने तोच रिक्षाचालक पिशवी घेऊन दारात उभा राहतो. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. मध्ये संकोचलेला रिक्षाचालक, एका बाजूला पोलीस निरीक्षक, दुसऱ्या बाजूला डोळे पुसणारी वधूमाय. मथळाही ठरलेलाच, 'प्रामाणिकपणा अजून जिवंत आहे!' वाचक क्षणभर सुखावतो आणि पान उलटतो.

मथळ्यातील 'अजून' या शब्दात मात्र एक गृहीतक दडलेले आहे. सापडलेली मौल्यवान वस्तू माणूस, त्यातही गरजू माणूस, ठेवूनच घेणार. परत केली तर तो अपवाद, असे आपण मानून चालतो. हे गृहीतक कितपत खरे आहे? मुळात माणसे लाखमोलाच्या वस्तू विसरतात कशा? आणि वस्तू परत करणाऱ्याच्या पदरात कायदा व समाज काय टाकतात?

दोष स्मरणशक्तीचा नव्हे, अवधानाचा

'एवढी महत्त्वाची वस्तू विसरलातच कशी?' हा प्रश्न वस्तू हरवलेल्या प्रत्येकाला घरी ऐकावा लागतो. मात्र वस्तूची किंमत आणि तिचे स्मरण यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डॅनियल शॅक्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्मरणशक्तीच्या सात दोषांची मांडणी केली. त्यांपैकी एक दोष विसरभोळेपणाचा. त्यात आठवण पुसली जात नाही. ज्या क्षणी ती जागी व्हायला हवी, त्या क्षणी अवधान दुसरीकडे असते.

याचे गाजलेले उदाहरण जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांचे. ऑक्टोबर १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आपला १७३३ साली बनलेला, सुमारे २५ लाख डॉलर किमतीचा चेलो टॅक्सीच्या डिकीत ठेवला. मुक्कामाच्या ठिकाणी उतरून त्यांनी भाडे चुकते केले आणि ते चालू लागले. चेलो डिकीतच राहिला. आयुष्यभर ज्या वाद्याची साथ केली, त्याचे महत्त्व त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण वाद्य डोळ्यांआड होते आणि आठवण करून देणारी कोणतीही खूण समोर नव्हती. सुदैवाने भाड्याची पावती त्यांच्याजवळ होती. त्यावरून पोलिसांनी टॅक्सीचा माग काढला आणि त्याच दिवशी चेलो सुखरूप परत आला.

रिक्षातील पिशवीचेही असेच होते. प्रवाशाच्या मनात प्रवासाचा शेवट म्हणजे भाडे देणे. सुटे पैसे हाती आले की मन ते काम संपल्याची नोंद करते आणि पुढच्या कामाकडे वळते. पिशवी असते आसनामागच्या जागेत, नजरेआड. लोकलच्या फळीवर ठेवलेल्या बॅगेचे तेच. डोंबिवली वा बोरिवली आली की दाराकडे सरकण्याच्या धांदलीत डोक्यावरच्या फळीकडे पाहायला उसंत कुणाला? मुख्य काम आटोपल्यावर उरणारी छोटी कृती अशी हमखास राहून जाते. हे ओळखूनच अनेक एटीएम यंत्रे आधी कार्ड काढून घ्यायला लावतात आणि मग पैसे देतात. आधी पैसे मिळाले, तर कार्ड यंत्रातच ठेवून माणूस निघून जाण्याचा संभव अधिक. थोडक्यात, विसरणे हे बेफिकिरीचे लक्षण असतेच असे नाही.

सतरा हजार पाकिटांची परीक्षा

आता सापडणाऱ्याकडे वळू. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात अलेन कोन, मिशेल मारेशाल व त्यांच्या सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांनी ४० देशांतील ३५५ शहरांमध्ये तब्बल १७ हजार ३०३ पाकिटे 'हरवली'. त्या देशांत भारतही होता. बँका, हॉटेले, नाट्यगृहे, टपाल कार्यालये यांसारख्या ठिकाणी जाऊन 'हे रस्त्यात सापडले, मी घाईत आहे, तुम्ही बघाल का?' असे म्हणत पाकीट तेथील कर्मचाऱ्याच्या हाती दिले जाई. पारदर्शक पाकिटात मालकाचे नाव व ई-मेल पत्ता असलेली ओळखपत्रे, वाणसामानाची यादी आणि एक किल्ली असे. काही पाकिटांत पैसे नसत, तर काहींत सुमारे साडेतेरा डॉलर इतक्या मूल्याचे स्थानिक चलन असे.

अंदाज असा, की पैसे असलेली पाकिटे कमी परत येतील. प्रत्यक्षात बहुतेक सर्व देशांत उलटेच घडले. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सरासरी ४० टक्क्यांबाबत मालकाशी संपर्क साधला गेला. पैसे असलेल्यांबाबत हे प्रमाण ५१ टक्के होते. अमेरिका, ब्रिटन व पोलंड या तीन देशांत रक्कम सुमारे ९४ डॉलरपर्यंत वाढवली, तेव्हा तेथील प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. २७९ नामवंत अर्थशास्त्रज्ञांना निकालाचा अंदाज आधी विचारण्यात आला होता. माणसाच्या स्वार्थाचा हिशेब मांडणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनाही हे उत्तर नीट सांगता आले नाही.

संशोधकांनी दोन कारणे दिली आहेत. पहिले, दुसऱ्याच्या नुकसानीची जाणीव. ज्या पाकिटांत किल्ली होती, ती किल्ली नसलेल्यांपेक्षा अधिक परत आली. किल्ली सापडणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नाही. पण तिच्यावाचून कुणीतरी बंद दाराबाहेर ताटकळत असेल, हे चित्र तिच्यामुळे डोळ्यांसमोर येते. दुसरे कारण स्वतःविषयीच्या प्रतिमेचे. रिकामे पाकीट बाजूला टाकणे हा आळस झाला. भरलेले पाकीट खिशात घालणे ही चोरी. रक्कम जितकी मोठी, तितका 'आपण चोर ठरलो' हा सल मोठा. हा सल टाळण्यासाठी माणूस मोहावर मात करतो.

या प्रयोगाला मर्यादा आहेत. पाकिटे निर्जन रस्त्यावर नव्हे, कार्यालयात काम करणाऱ्यांच्या हाती दिली होती, आणि जवळपास निम्मी पाकिटे परत आलीच नाहीत. तरीही प्रामाणिकपणा हा केवळ अपवाद नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

मुंबईकरांना सुखावणारी एक नोंदही येथे सांगायला हवी. २०१३ साली 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने जगातील १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटे रस्त्यांवर, उद्यानांत, दुकानांच्या आसपास टाकली. प्रत्येकात सुमारे ५० डॉलर मूल्याची स्थानिक रक्कम, कुटुंबाचे छायाचित्र व दूरध्वनी क्रमांक होता. हेलसिंकीत ११ पाकिटे परत आली; त्याखालोखाल मुंबईत ९. लिस्बनमध्ये एकच परत आले, तेही परदेशी पर्यटक दाम्पत्याने केले. बारा पाकिटांवरून शहराचे चारित्र्य ठरवणे योग्य नव्हे. पण 'मुंबईत वस्तू हरवली म्हणजे गेलीच' हे म्हणण्यापूर्वी ही नऊ पाकिटे आठवावीत.

'सापडले म्हणजे माझे' नव्हे

लहानपणी खेळात 'सापडले त्याचे' हा न्याय चालतो, कायद्यात नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल, तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी.

वस्तू ठेवून घेतली तर प्रश्न फौजदारी होतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये असलेली तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आली आहे. अप्रामाणिकपणे दुसऱ्याची मालमत्ता बळकावल्यास किमान सहा महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. कायद्यातील दृष्टांत सामान्य माणसालाही समजतील असे आहेत. रस्त्यात एक रुपया सापडला, तो कुणाचा हे ठाऊक नाही आणि तो उचलला, तर गुन्हा नाही. पण मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध घेण्याचा कोणताही प्रयत्न न करता ती लगेच विकली, तर गुन्हा आहे. वस्तू जपण्यासाठी वा परत करण्यासाठी उचलणे हा गुन्हा नाही. मालक शोधण्याचे साधन हाती असून न शोधणे हा गुन्हा ठरू शकतो.

प्रामाणिकपणाची किंमत कोण मोजतो?

कायदा सापडणाऱ्यावर कर्तव्य टाकतो, मात्र हक्क फारसे देत नाही. करार कायद्याच्या कलम १६८ नुसार वस्तू सांभाळण्यास व मालक शोधण्यास झालेल्या खर्चासाठी त्याला मालकावर दावा लावता येत नाही. मात्र तो खर्च मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवता येते. मालकाने ठराविक बक्षीस जाहीर केले असेल, तर त्यासाठी दावा लावता येतो. पोलिसांकडे जमा झालेल्या वस्तूचा मालक न सापडल्यास न्यायदंडाधिकारी जाहीर सूचना काढून सहा महिन्यांची मुदत देऊ शकतात. त्यातही कुणी आले नाही, तर ती वस्तू राज्य सरकारकडे जमा होऊ शकते. सापडणाऱ्याला ती आपोआप मिळत नाही.

जपानमधील व्यवस्था वेगळी आहे. तेथे सापडलेली वस्तू पोलिसांकडे दिल्यावर तीन महिन्यांत मालक आला नाही, तर ती सापडणाऱ्याला मिळू शकते. मालक आल्यास मूल्याच्या ५ ते २० टक्के रक्कम मागण्याचा हक्क त्याला आहे. जपानी माणसाच्या सचोटीचे कौतुक जगभर होते. पण कोपऱ्याकोपऱ्यावरील पोलीस चौकी आणि हा कायदा यांचा वाटा त्यात मोठा आहे. वस्तू परत करणे तेथे सोपे करून ठेवले आहे.

आपल्याकडे पिशवी परत करायला निघालेल्या रिक्षाचालकाला मीटर बंद ठेवून, गॅस खर्चून पत्ता शोधावा लागतो किंवा पोलीस ठाण्यात बसून जबाब द्यावा लागतो. पिशवीतले काही कमी भरले तर आपल्यावरच आळ येईल, ही धास्ती वेगळी. ज्याची कमाई रोजच्या रोज होते, त्याच्यासाठी हे दोन-तीन तास म्हणजे घरी जाणारे पैसे. नोकरदार माणसाची सचोटी त्याच्या पगाराला धक्का लावत नाही. रिक्षाचालकाची, हमालाची, घरकाम करणाऱ्या बाईची सचोटी मात्र त्यांच्या खिशातून जाते. या खर्चाचा उल्लेख बातमीत क्वचितच येतो.

म्हणून शाल-श्रीफळ आणि छायाचित्रापूर्वी निदान बुडालेल्या कमाईची भरपाई व्हावी, एवढी अपेक्षा गैर नाही. ती भरपाई उपकाराच्या भावनेने नव्हे, देणे म्हणून द्यावी. आभार कसे मानावेत याचा एक सुंदर नमुना २००८ सालचा आहे. व्हायोलिनवादक फिलिप क्विंट यांचे १७२३ सालचे, सुमारे ४० लाख डॉलर किमतीचे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन अमेरिकेतील न्यूअर्क येथे टॅक्सीत राहिले. चालकाने ते परत केले. क्विंट यांनी रोख बक्षीस दिलेच, शिवाय विमानतळावरील टॅक्सीतळावर जाऊन सर्व चालकांसाठी त्याच वाद्यावर वादन केले. जे परत मिळाले, त्यातला वाटा त्यांनी परत करणाऱ्यांच्या बिरादरीला दिला.

बेवारस वस्तू आणि भीती

मुंबईत या विषयाला आणखी एक बाजू आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत साखळी स्फोट झाले आणि फळीवरची बेवारस बॅग ही हरवलेली वस्तू न राहता संशयित वस्तू बनली. अशा वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही सूचना योग्यच आहे. गाडीत वा फलाटावर बॅग दिसल्यास ती न उघडता १३९ या रेल्वे हेल्पलाइनवर किंवा रेल्वे सुरक्षा दलाला कळवावे. या दलाच्या 'ऑपरेशन अमानत' उपक्रमात प्रवाशांच्या राहिलेल्या वस्तू ताब्यात घेऊन त्यांची माहिती रेल्वेच्या संकेतस्थळावर दिली जाते. २०२२ या एका वर्षात देशभरात अशा ३२ हजारांहून अधिक वस्तू परत करण्यात आल्या. त्यांचे मूल्य सुमारे ५० कोटी रुपये होते.

एक चिठ्ठी पुरेशी

सापडणारा बहुधा वस्तू परत करू इच्छितो, हे मान्य केले तर हरवणाऱ्याची जबाबदारीही स्पष्ट होते. परतीची वाट खुली ठेवणे त्याच्या हाती आहे. पाकिटात, बॅगेत, औषधांच्या वा दागिन्यांच्या पिशवीत नाव आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. स्वतःचाच क्रमांक लिहिला आणि मोबाइलही त्याच बॅगेत राहिला, तर चिठ्ठीचा उपयोग नाही. रिक्षा-टॅक्सीत बसताना वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा. सामान शक्यतो मागच्या जागेत न ठेवता नजरेसमोर ठेवावे. भाडे देण्यापूर्वी सामान हातात घ्यावे. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की अर्धे विसरणे टळते. मोबाइल हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तो बंद करण्याची सोय आहे. मे २०२३ पासून ती देशभर उपलब्ध आहे.

प्रामाणिकपणाला आपण नेहमी मनाच्या मोठेपणात मोजतो. पण पिशवी हाती घेऊन रस्त्याच्या कडेला थांबलेल्या रिक्षाचालकाचा प्रश्न अगदी साधा असतो: ही द्यायची कुठे? पिशवीत एक चिठ्ठी असेल, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते.