शाळेची घंटा आणि आजोबांची गोळी

फाल्गुन सरत आला की खानदेशात दोन गोष्टी एकदम बदलतात. ऊन अंगावर येऊ लागते आणि प्राथमिक शाळा सकाळची होते. जळगाव जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे व्यवसाय करतो, तेथे माझा दवाखाना जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकासमोरच आहे. त्यामुळे ऋतू बदलल्याची वर्दी मला कोकिळेच्या आधी शाळेच्या घंटेकडून मिळते. काल साडेदहाला वाजणारी घंटा आज सातला वाजते, आणि फाटकाशी लहान मुलांच्या बोटांना धरून आजी-आजोबांची रांग दिसू लागते. मुलांचे आईवडील या वेळी कामावर निघण्याच्या गडबडीत असतात. काहींचे तर सुरतेला किंवा पुण्याला कामाला असतात आणि मुले आजीपाशी वाढतात. म्हणजे शाळेची वेळ बदलते, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा अवघा दिवस सरकतो. हे माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे घडत होते. त्याचा अर्थ मात्र मला एका मार्च महिन्यात, जरा उशिराच, कळला.

त्या दिवशी शाळेत बाल आनंद मेळावा होता. मुलांनी घरून पदार्थ करून आणायचे, पटांगणात दुकाने मांडायची, पैशांचा हिशेब स्वतः ठेवायचा, असा हा उपक्रम. कोणी भेळ मांडली होती, कोणी कैरीच्या फोडी, कोणी घरच्या परसातली शेवग्याच्या शेंगांची जुडी. दुसरीतल्या एका मुलाचे लिंबूसरबताचे दुकान होते आणि त्याचे आजोबा, वय चौऱ्याहत्तर, सकाळी त्याला सोडायला आले ते कौतुकाने तेथेच थांबले. आबा माझे जुने रुग्ण. पंधरा वर्षांचा मधुमेह, पण पथ्याला पक्के. नातवाने आग्रहाने पुढे केलेला सरबताचा पेला त्यांनी पैसे देऊन विकत घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या आजींना दिला. ‘मला साखर चालत नाही’, हे ते अभिमानाने सर्वांना सांगत होते.

दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला. ते उगाच कोणावर तरी चिडले, मग बोलणे अडखळू लागले, मग ते मटकन खाली बसले. ‘ऊन लागले’ म्हणून कोणी डोक्यावर पाणी ओतले, कोणी नाकाशी कांदा फोडून धरला. मला बोलावणे आले. हात धरला तर तो तापलेला नव्हता. गार आणि घामाने चिंब होता. बोट टोचून साखर पाहिली, ती ४८ होती. नातवाच्याच दुकानातले सरबत, त्यात आणखी दोन चमचे साखर घालून, त्यांना घोट घोट पाजले. दहा-पंधरा मिनिटांत ते ओळखीचे आबा झाले आणि ‘पोराचे दोन पेले फुकट गेले’ म्हणून हळहळले.

नंतर चौकशी केली. त्यांची गोळी ‘सकाळी नाश्त्यापूर्वी’ अशी होती. हे मीच लिहिले होते. हिवाळ्यात ते साडेआठला गोळी घेत आणि लगेच कळण्याची भाकरी खात. शाळा सकाळची झाल्यावर नातवाला आवरून द्यायचे म्हणून सहालाच उठू लागले. गोळी सवयीने सव्वासहाला, वर बिनसाखरेचा चहा, आणि भाकरी मात्र परत आल्यावर. एरवी साडेसातला घरी पोहोचत, म्हणून निभावत होते. त्या दिवशी मेळाव्यात थांबले आणि भाकरी राहिली. औषध बरोबर होते, माणूस शिस्तीचा होता, चिठ्ठीही नीट होती. इतक्या वर्षांत मी त्यांना एकच प्रश्न विचारला नव्हता: नातवाला शाळेत कोण सोडते?

मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्या साखर अशी खाली नेत नाहीत. एकटे मेटफॉर्मिन सहसा हा प्रकार करीत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन मात्र पोटात अन्न आहे की नाही याची वाट पाहत नाहीत. म्हातारपणी मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असते, त्यामुळे या गोळ्यांचा अंमल लांबतो. आपल्या गोळीत यांतले काही आहे का, हे घरातल्या कोणीतरी पाकिटावर वाचून ठेवावे किंवा डॉक्टरांना विचारावे. असेल, तर घास आणि गोळी यांची जोडी फोडू नये. घास लांबला तर गोळीही लांबवावी. पण किती, आणि इन्सुलिनचे काय करायचे, हे शाळेची वेळ बदलण्याच्या आठवड्यातच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. खिशात चार चमचे साखरेची पुडी असावी. साखर ७० च्या खाली गेली, किंवा थरथर, घाम, एकाएकी भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले, तर ती पुडी अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि सावरल्यावर लगेच जेवू घालावे. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; १०८ ला फोन करावा. आणि माणूस सावरला म्हणून त्या दिवशी त्याला एकटे सोडू नये. या गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. आबांना मी संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवले, याचा त्यांना अजून राग आहे.

ऊन लागणे आणि साखर उतरणे यांत गल्लत होते, कारण दोन्हींत माणूस बरळतो आणि कोसळतो. घरी तपासणीचे यंत्र नसेल तर हाताने स्पर्श करून पाहावे. उष्माघातात अंग भाजल्यासारखे तापलेले असते, वृद्धांमध्ये बहुधा कोरडेही; साखर उतरली की अंग गार आणि ओले असते. मधुमेही माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल आणि शंका असेल, तर साखर द्यावी. एखाद्या वेळी अनावश्यक दिलेल्या साखरेने जे नुकसान होईल, ते न दिलेल्या साखरेच्या मानाने काहीच नाही.

परतीची फेरी त्याहून अवघड असते. सकाळची शाळा अकरा-साडेअकराला सुटते आणि त्या वेळचे खानदेशातले ऊन पोळते. वय वाढले की तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. फाटकाच्या कट्ट्यावर अर्धा तास बसून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेच. निघण्यापूर्वी पेलाभर पाणी, डोक्याला उपरणे किंवा पदर, आणि उठताना आधी पाय हलवून मग उभे राहणे, एवढे तरी पाळावे. चैत्र-वैशाखात रक्तदाब थोडा उतरतोही. अशा वेळी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. आकडे लिहून आणावेत, मात्रा आम्ही कमी करू. आणखी एक गोष्ट मी दवाखान्याच्या खिडकीतून रोज पाहतो. शाळा सुटली की मुलाचे दप्तर आजीच्या खांद्यावर जाते आणि पुढच्या वळणावर मूलही कडेवर जाते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, असे शासनाचे धोरण आहे. ते तसे असेल तर मुलालाच उचलू द्यावे. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीच्या पाठीचा मणका केवळ वाकून मूल उचलण्याने दबल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

याच दिवसांत शाळेतून घरी कांजिण्या येतात. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग देत असते, म्हणून ‘आम्ही लगेच वेगळे ठेवले’ याचा उपयोग मर्यादित. ज्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, त्या आजी-आजोबांनी सहसा घाबरू नये. ज्यांना आल्या नाहीत, किंवा जे स्टेरॉइडवर, कर्करोगाच्या उपचारांवर आहेत, त्यांनी पुरळाची वाट न पाहता संपर्क आल्याबरोबर डॉक्टरांना गाठावे. नागीण मात्र नातवाकडून लागत नाही. ती आपल्याच नसांत वर्षानुवर्षे दडलेल्या त्याच विषाणूची असते. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, ही समजूत खोटी आहे. परंतु उपचार पहिल्या ७२ तासांत सुरू होणे मोलाचे, आणि मंत्र घालणाऱ्याकडे नेमके तेवढेच तास जातात. पन्नाशीनंतर घेण्याची लस आता आपल्याकडे मिळते. महाग आहे, पण विचारून पाहावी. जाता जाता: घरातल्या आजोबांची ॲस्पिरिनची गोळी कांजिण्यांच्या तापासाठी मुलाला कधीही देऊ नये.

गुढीपाडव्याला शाळेची ‘पट वाढवा’ प्रभातफेरी निघते. मुले घोषणा देत गल्लीबोळांतून फिरतात आणि नव्याने पहिलीत येणाऱ्यांची नावे नोंदवली जातात. मग एप्रिलमध्ये त्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. ‘पहिले पाऊल’ या नावाने तो २०२२ पासून राज्यभर होतो. आबांच्या प्रसंगानंतर मुख्याध्यापिकाबाईंनी मला त्या मेळाव्यात रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसायला सांगितले. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो आणि समोर जे पाहिले त्याने थक्क झालो.

मेळाव्यात नोंदणीपासून एकेक टेबल असते. एका ठिकाणी मूल आखलेल्या रेषेवरून चालते, एका पायावर उभे राहते, चेंडू झेलते. पुढे मणी ओवते, वस्तू वेगळ्या करते, चित्रातल्या वस्तूंची नावे सांगते, खडे मोजते, घरच्यांविषयी बोलते. आणि प्रत्येक नोंद त्याच्या विकासपत्रावर होते. आता गंमत पाहा. वृद्ध रुग्णाला तपासताना आम्ही जवळजवळ हेच करतो. रेषेवरून टाचेला पाऊल लावून चालवतो, एका पायावर उभे करतो, गुंडी लावायला सांगतो, वस्तू दाखवून नावे विचारतो, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत म्हणून घेतो. सहाव्या वर्षी जे अंगी येते आहे का म्हणून पाहायचे, तेच सत्तरीनंतर टिकून आहे का म्हणून पाहायचे.

एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. नात एका पायावर उभी राहिली तशा हसत हसत त्याही राहिल्या आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी टेबल पकडले. सगळे हसले, त्याही हसल्या. मी मात्र त्यांना खुर्चीवर बोलावले. दहा सेकंद एका पायावर तोल न सावरणे, हा पुढच्या पडण्याचा इशारा असू शकतो. चौकशीत कळले की महिन्यापूर्वी मोरीत पाय घसरला होता, घरी सांगितले नव्हते. तळपायांची जाणीव मधुमेहाने बोथट झाली होती. मोरीत धरायला दांडा, रात्री दिवा, मागे पट्टा असलेली चप्पल, आणि ओट्याला धरून रोज एका पायावर उभे राहण्याचा सराव, इतकेच सुचवले. नात म्हणाली, ‘मी मोजीन.’ दुसऱ्या एका आजोबांनी बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हो’ म्हणत मान डोलावली. मुलाचे नाव विचारले तरी ‘हो’. घरच्यांना वाटत होते की म्हातारा विसरभोळा झाला. त्यांच्या दोन्ही कानांत मळाचे घट्ट बोंडे होते. ते काढल्यावर विसरभोळेपणाही बराचसा गेला. नातू त्यांच्याशी बोलेनासा झाला होता, कारण आजोबा उत्तरच देत नाहीत. तो पुन्हा बोलू लागला.

सगळ्यांचे असे सोपे निघाले नाही. एका आजींचा रक्तदाब इतका वाढलेला होता की त्याच दुपारी त्यांना जळगावला पाठवावे लागले. आदल्या महिन्यात गोळ्या संपल्या होत्या. वह्या आणि गणवेश आधी घ्यायचा म्हणून त्यांनी स्वतःच्या गोळ्या पुढे ढकलल्या होत्या. त्यांच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात विनामूल्य मिळतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. मीही त्यांना कधी सांगितले नव्हते, कारण त्या माझ्या दवाखान्यात कधी आल्याच नव्हत्या. नातवाला सोडून रोज माझ्या दारावरून मात्र जात होत्या.

तेव्हापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यात साठीच्या पुढच्या प्रत्येक रुग्णाला मी आधी शाळेची वेळ विचारतो, मग भुकेची, मग गोळीची. चिठ्ठीवर ‘नाश्त्यापूर्वी’ न लिहिता ‘भाकरी समोर आल्यावर’ असे लिहितो.

१ मे रोजी निकाल लागला. आबा नातवाला घेऊन पेढे द्यायला आले. स्वतः पेढा खाल्ला नाही, हे वेगळे सांगायला नको. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, आता सुट्टी. जूनमध्ये शाळा पुन्हा साडेदहाची होईल. तेव्हाचे आत्ताच लिहून द्या, मी विसरेन.’ मी लिहून दिले: सुट्टीत कशी, शाळा भरल्यावर कशी. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही, आणि कागद नातवाच्या हाती दिला. मुलाने प्रगतिपुस्तक काखेत धरून तो अक्षर अक्षर लावत वाचला. ‘ग्लिमेपिराइड’पाशी अडखळला, पुन्हा वाचला, आणि कागद घडी घालून आपल्याच खिशात ठेवला.