कूस बदलण्याआधी

पहाटे ५.४५

रात्रपाळीच्या सिस्टरकडून ओव्हर घेते, म्हणजे रात्रीची सगळी खबर. २२ बेड. कोणाची युरोबॅग भरली, कोणाला ताप चढला, कोणाचं पोट तीन दिवस साफ नाही, कोण रात्रभर मुलाच्या नावानं हाका मारत होतं. नगर जिल्ह्यात हमरस्त्यापासून थोडं आत आमचं हे घर आहे. चालवते ख्रिस्ती संस्था. येतात ती कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली, अर्धांगानं पडलेली, आठवण गेलेली, न्यायला कोणी नसलेली माणसं. बहुतेक हिंदू, काही मुसलमान, काही आमच्यातली. बरं होऊन घरी जाणारे फार थोडे. हॉस्पिटलात ज्याला यश म्हणतात ते इथे मोजायलाच नाही. मग दिवसभर आम्ही करतो काय, त्याची ही हकिगत.

६.००

पहिली फेरी कूस बदलण्याची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबा, टाच अशा जागी हाड आणि गादीच्या मध्ये कातडी दबते, तिथलं रक्त थांबतं. आधी लाल डाग दिसतो. त्याकडे काणाडोळा केला की बघता बघता जखम हाडापर्यंत जाते. एअर बेड आहेत, पण त्यानं हे काम टळत नाही.

कूस बदलायला दोघी लागतात, एक सिस्टर आणि एक मावशी. नवीन मावशी आल्या की उचलण्याचं तंत्र शिकवण्याआधी मी एक सवय लावते. चादरीला हात घालण्यापूर्वी माणसाच्या तोंडासमोर यायचं आणि विचारायचं, "आजी, उजवीकडं वळवू का?" मावशी म्हणतात, "सिस्टर, त्यांना कुठं बोलता येतंय? विचारून काय उपयोग?"

मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारतो. लोक त्याला दटावून गप्प बसवायला बघतात. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि आपण त्याच्यासाठी काय करावं हे त्यालाच विचारतो. आंधळ्याला काय हवं हे दिसत नव्हतं का? तरी विचारलं. ज्याच्याबद्दल सगळे परस्पर ठरवत होते, त्याला आधी स्वतःच्या तोंडानं मागायला मिळालं. दृष्टी त्यानंतर आली. केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांच्या घराला याच बार्तीमयाचं नाव होतं, आणि त्या बायका तिथे ब्रेल शिकत, हातानं काम करत.

मावशींना हे सांगते. पटतंच असं नाही. पण सवय लागते, आणि ती लागली की पटायचं तेव्हा पटतं. ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांनाही विचारायचंच. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा म्हटला आहे, तिथे बोलता येण्याची, शुद्धीत असण्याची, कमावतं असण्याची अट घातलेली नाही.

७.३०

स्पंजिंग. पडदा ओढायचा, पाणी कोपरानं तपासायचं, एका वेळी एकच हात किंवा एकच पाय उघडा, बाकी अंग झाकलेलं. घाई असली की पहिल्यांदा पडदाच राहतो, म्हणून माझं लक्ष पडद्यावर असतं.

८.३०

व्हरांड्यात दहा मिनिटं प्रार्थना. ज्यांना यायचं ते येतात, स्वयंपाकाच्या मावशी दारातूनच ऐकतात. आज पाळकसाहेबांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय घेतला. भुकेल्याला खाऊ घातलं, आजाऱ्याची विचारपूस केली, म्हणजे ते मलाच केलं, असं राजा, म्हणजे ख्रिस्त, ज्यात सांगतो तो भाग. आमच्यासारख्या संस्थांच्या भिंतीवर तो हमखास असतो.

माझं मन त्यातल्या दुसऱ्याच गोष्टीवर अडतं. ज्यांना राजा शाबासकी देतो ते चकित होतात. तुला आम्ही कधी पाहिलं, असं तेच विचारतात. म्हणजे जेवण वाढताना त्यांच्या डोळ्यांपुढे राजा नव्हता, समोरचा उपाशी माणूस होता. आम्हा सेवेकऱ्यांची वाट नेमकी इथेच चुकू शकते. आजीच्या आडून आपण ख्रिस्ताला शोधू लागलो की आजी नुसती पायरी होते, आणि तिचं दुखणं आपल्या पुण्याचं साधन. म्हणून आजीकडे आजी म्हणूनच बघायचं. तिला चहा कमी साखरेचा लागतो, सुनेचं नाव काढलेलं चालत नाही, हे आधी माहीत पाहिजे.

९.३०

ड्रेसिंग. खिडकीजवळच्या काकूंना गालाचा कॅन्सर आहे. मिश्रीची सवय लहानपणापासूनची. जखम गाल फोडून बाहेर आली आहे. जखमेचा जो वास येतो त्यामुळे घरच्यांनी त्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. वास जंतूंचा असतो आणि त्यावर साधा उपाय आहे. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून बारीक पूड करायची, जखम सलाइननं धुवायची, पूड भुरभुरायची, वर गॉज ठेवायचा. जुना गॉज ओढून काढायचा नाही. भिजवून, आपोआप सुटेपर्यंत थांबायचं, नाहीतर रक्त येतं. काही दिवसांत वास इतका कमी होतो की माणूस शेजारी खुर्ची घेऊन बसू शकतो.

"मिश्री लावलीच कशाला" असं भेटायला येणारा कोणी ना कोणी म्हणतोच. लावायला नको होती, खरंच आहे. पण दोष कोणाचा हे ठरल्यावर मग गॉज बदलायचा, असा क्रम आमच्याकडे नाही.

१०.००

मॉर्फिन. दोन कुलपांच्या कपाटातून गोळ्या काढायच्या, रजिस्टरवर सही, गोळ्यांची संख्या जुळवायची. दर चार तासांनी, वेळेवर. दुखण्यानं माणूस ओरडेपर्यंत थांबायचं नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठता ठरलेली.

वेळेवर औषध देण्याची ही शिस्त सिसिली सॉन्डर्स यांनी रुजवली. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. श्रद्धावान ख्रिस्ती. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. आपल्याकडे त्या धर्तीचं पहिलं घर १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं, शांती आवेदना सदन. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मात्र मॉर्फिन ठेवायचं म्हटलं की परवान्यांच्या खेपा. २०१४ च्या दुरुस्तीनं ती वाट जरा सोपी केली. माणसाचं मोल आहे असं मानायचं आणि औषध असून त्याला तळमळत ठेवायचं, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. दोन कुलपांचं ते कपाट माझ्या लेखी वेदीइतकंच महत्त्वाचं आहे.

१२.००

जेवण. गिळायला त्रास असलेल्या एका बाबांना मऊ खिचडी भरवायला पाऊण तास लागतो. घोट उतरला की नाही बघायचं, मगच दुसरा चमचा. उभं राहून भरवायचं नाही, स्टूल घेऊन समोर बसायचं.

२.१५

पोलिसांची गाडी. बसस्टँडवर सापडलेल्या बाई. पन्नाशीच्या असाव्यात. अंगावर दोन लुगडी एकावर एक, पायाला जखम, बोलणं तुटक. कागदावर नावाच्या जागी 'अनोळखी महिला'. मावशी त्यांच्यासमोर बसून एकेक नाव घेऊन बघतात. कुठल्या तरी नावाला मान वळेल. आज वळली नाही. पाणी दिलं तर त्यांनी पेला हातात घेतला, अर्धं पाणी प्यायल्या आणि उरलेलं मावशींपुढे धरलं. मावशींनी ते पिऊन टाकलं. इन्फेक्शन कंट्रोलच्या नियमात ते बसत नाही, पण मी गप्प राहिले.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथल्या मुक्कामात लंडनच्या फुलहॅममध्ये समाजानं टाकलेल्या बायकांची ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली सेवा त्यांनी पाहिली. अशा बायकांची काळजी हे लोक का घेतात, असं विचारल्यावर त्यांना योहानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. त्या गोष्टीचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला, आणि पुढे केडगावात अशाच बायकांसाठी कृपा सदन झालं. त्या गोष्टीत येशू देण्यापासून सुरुवात करत नाही. तहानलेला तो आहे, पाणी मागतो तोच, आणि तेही जिच्या हातचं कोणी यहुदी घेणार नाही अशा बाईकडे. मदत करणाऱ्याचा हात नेहमीच वर असतो. समोरच्याकडून काही मागितलं, घेतलं, तर हात बरोबरीला येतो. मावशींना ही गोष्ट मी कधी सांगितलेली नव्हती.

३.३०

नातवाच्या वाढदिवसाला फळवाटप करायला एक कुटुंब आलं. माणसं चांगली. फोन बाहेर निघाले. आमचा नियम सांगितला: फोटो विचारूनच, आणि ज्यांना विचारलेलं कळत नाही त्यांचा नाहीच. जरा हिरमुसले. मग त्यातल्या आजींनी फोन पिशवीत टाकला आणि एका बाईंच्या केसांना तेल लावत अर्धा तास बसल्या.

५.००

ऑफिस. डायपर, गॉज, गॅसची टाकी, विजेचं बिल. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना, लुटून रस्त्यावर टाकलेल्या माणसाच्या जखमा त्यानं बांधल्या, तिथे सगळे थांबतात. लूक पुढचंही लिहितो. जखमी माणसाला शोमरोनी उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणतो. मग तो निघून जातो. पुढच्या रात्री जखमा धुतल्या कोणी? उतारशाळेच्या मालकानं, किंवा बहुधा त्याच्या नोकरानं. त्यांचं नाव गोष्टीत नाही. आमचं काम त्या नोकराच्या जातीचं. देणगीदार शोमरोनी असतील. पण देणगी आटली तरी रोगी उतारशाळेतच असतो.

आणि नोकराचा पगार? कष्टकऱ्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, असं बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात आहे. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या पत्रात. आमच्या मावशींत कोणी विधवा, कोणी नवऱ्यानं टाकलेल्या. सेवेचं नाव घेऊन त्यांची सुट्टी किंवा पगार मागे ठेवणं सोपं असतं, कारण त्या बोलणार नाहीत. म्हणून महिन्याचे पैसे आले की पहिला खर्च त्यांचा, मग किराणा.

६.३०

कोपऱ्यातल्या माळकरी आजींना मोबाइलवर हरिपाठ लावून द्यायचा. "तुमच्या देवाला चालतं का?" असं त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं. मी म्हटलं, आजी, आवाज पुरतो का तेवढं सांगा.

८.००

ओव्हर द्यायचा. मॉर्फिनची रात्रीची मात्रा दुप्पट द्यायची आहे, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. नवीन बाईंच्या पायाचं ड्रेसिंग झालं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, नाव अजून नाही.

मग रोजचं गणित. पूर्ण पडून असलेले ११. विचारून, वळवून, पाठ बघून, उशी लावून प्रत्येकी पाच मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतला जवळजवळ एक तास कूस बदलण्यातच जातो, तोही दोन बायकांचा. रात्रपाळीला सिस्टर एक आणि मावशी एक. एकाला उलटी झाली, एक गेला, तर राहिलेल्यांना विचारायला वेळ नाही. चादर ओढून वळवायचं आणि पुढे जायचं. प्रतिरूप, मोल, करुणा हे सगळं शेवटी त्या पाच मिनिटांत बसतं किंवा बसत नाही.

उद्या कार्यकारी समितीची बैठक आहे. रात्रीसाठी आणखी एक मावशी हवी, असा अर्ज मी टेबलावर ठेवला आहे. त्यात वचन एकही घातलेलं नाही. ११ माणसं, दोन तास, पाच मिनिटं, एवढंच लिहिलं आहे.