खरी नक्कल

जिल्हा न्यायालयात गेलो की माझी पावलं आधी नक्कल विभागाच्या खिडकीकडे वळतात. खुनाचे खटले सोडून तिथे काय बघतोस, असं वकील मित्र विचारतात. मी शिक्क्याचा आवाज ऐकत उभा असतो. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आठ-दहा दिवसांनी यायचं, आणि शेवटी कारकून निकालाच्या प्रत्येक पानावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का उमटवतो. ती प्रत हाती आली की पुढे अपील. आपण जामिनावर बाहेर असू तर या खिडकीशी येऊ शकतो. तुरुंगातला माणूस येऊ शकत नाही. त्याच्यापर्यंत हा कागद पोचतो कसा, या एका प्रश्नापायी मी वीस वर्षं कोर्टांचे जिने चढतो आहे.

या प्रश्नाचं मूळ मुंबईत सापडतं. तिथल्या एका ब्लॉक बनवणाऱ्याकडे सौराष्ट्र विद्यापीठातले एक रीडर आले. त्यांना कर्नाटक विद्यापीठाचा उठावाचा शिक्का बनवून हवा होता. हेतू उघड होता, खोटी पदवी प्रमाणपत्रं. प्रकरण पोलिसांत गेलं, खटला झाला. सत्र न्यायालयाने दिवसाचं कामकाज संपेपर्यंतची साधी कैद आणि दंड एवढ्यावर सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाला ही शिक्षा फारच हलकी वाटली. १९७३ च्या नोव्हेंबरात त्याने ती तीन वर्षांच्या सक्तमजुरीवर नेली.

गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात पोचले ते चार वर्षं उलटून गेल्यावर. तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. उशीर का, तर म्हणे निकालाची प्रतच मिळाली नाही. तुरुंगाचं म्हणणं वेगळं होतं. प्रत आली होती, कैद्याला दिली होती, पुढे राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली. कैदी म्हणाला, मी ती पाहिलीच नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पोच मागितली, आणि कैद्याच्या सहीचा एक चिटोराही निघाला नाही.

ऑगस्ट १९७८ चा हा ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ निकाल मी कितीदा वाचला असेल, सांगता येणार नाही. याचिका फेटाळली गेली. माणूस दोषीच राहिला. पण त्याच्या निमित्ताने न्यायालयाने ठरवून दिलं की शिक्षा देणाऱ्या कोर्टाने निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत द्यावी, तुरुंगाने ती कैद्याच्या हाती ठेवून लेखी पोच घ्यावी, अपिलासाठी लागेल ती मदत करावी, आणि वकील परवडत नसेल तर सरकारने द्यावा. खोटा शिक्का करवून घेऊ पाहणाऱ्या माणसामुळे देशभरच्या कैद्यांना खऱ्या नकलेचा हक्क मिळाला. म्हणून मला हा खटला अतिशय मोलाचा वाटतो. हक्क चांगल्या माणसांपुरता नसतो, हे तो स्वच्छ दाखवतो.

बाकीची पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. घटनेच्या कलम २२ मध्ये आवडीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याचं बंधन. ४२ व्या दुरुस्तीने आलेलं मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ. १९७९ चा बिहारमधल्या कच्च्या कैद्यांचा हुसैनारा खातून आणि १९८१ चा भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांचा निकाल. १९८६ चा सुक दास, ज्यात आरोपीने मागितलं नाही म्हणून वकील नाकारता येत नाही असं ठरलं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती यांना या कायद्यात उत्पन्नाची अट नाही.

एवढं सगळं कागदावर असताना माणसं का अडखळतात, ते मला एका तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात कळलं. डबा घेऊन आलेल्या एक मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. मुलाला आज रिमांडला आणणार होते. शेतीचा तुकडा गहाण टाकून वकील करायचा बेत होता. मी म्हणालो, “मावशी, इथे फुकट वकील मिळतो.” त्या चटकन म्हणाल्या, “सरकारी वकील नको दादा. तो पोलिसांच्या बाजूचा असतो.”

त्यांचं एका अर्थी बरोबरच होतं. सरकारी वकील फिर्यादी पक्षाचाच असतो. विधी सेवेचा वकील वेगळा. त्याचा पगार किंवा मानधन सरकारी पैशातून येतं, पण तो लढतो आरोपीसाठी. अनेक जिल्ह्यांत आता यासाठी लोक अभिरक्षक कार्यालय आहे, पूर्णवेळ वकिलांचं. हे नाव मला फार आवडतं. तालुक्याला विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. मावशींना मी त्या समितीच्या खोलीच्या दारापर्यंत सोडून आलो.

वकील हवा तो त्या पहिल्या रिमांडलाच. पीसीआर की एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन, हे तिथे ठरतं आणि पुष्कळदा काही मिनिटांत ठरतं. मुंबई हल्ल्याच्या खटल्यातल्या २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपी प्रथम समोर येताच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे; चुकल्यास खातेनिहाय कारवाई. ज्या खटल्यात वकील देण्यालाच बाहेर विरोध होत होता, त्याच खटल्यात हे लिहिलं गेलं, याचा मला महाराष्ट्राचा नागरिक म्हणून अभिमान वाटतो.

मात्र वकील नावापुरता असून भागत नाही. खांडव्याच्या अनोखीलाल खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्याच्या आत फाशी सुनावली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला लावला. फाशी-जन्मठेपेच्या खटल्यात अशा वकिलाचा अनुभव किमान दहा वर्षं असावा आणि तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असंही सांगितलं. सात दिवस मला अजून कमीच वाटतात.

माझा कागदाचा धागा अजून लांबतोच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने जामीन मंजूर होताच त्याची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगामार्फत कैद्याला पोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत असं ठरलं. ताबडतोब शक्य नसेल तर निदान रिमांडच्या दोन तास आधी.

गेल्या महिन्यात पुन्हा त्या तालुक्याला गेलो होतो. मावशी भेटल्या नाहीत. लोक अभिरक्षक कार्यालयातल्या तरुण वकीलताई तुरुंगभेटीहून नुकत्याच आल्या होत्या. पिशवीत वकीलपत्रांचा गठ्ठा होता. बऱ्याच कागदांवर सही नव्हती, अंगठे होते, आणि वरच्या दोनांची शाई अजून ओली होती. त्या ते एकेक सुटे करून पंख्याखाली वाळत घालत होत्या.