दुसऱ्या पसंतीची मोजणी

आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत सगळी मतं सारख्या वजनाची नसतात. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत 175 चं, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं 208 चं, तर सिक्कीमच्या आमदाराचं जेमतेम 7 चं. राज्याची 1971 ची लोकसंख्या भागिले आमदार, त्याला पुन्हा हजाराने भाग. खासदाराची मतपत्रिका हिरवी, आमदाराची गुलाबी. शिक्का नाही, बटण नाही. निवडणूक आयोगाच्या जांभळ्या शाईच्या पेनाने नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे घालायचे. 1 राहिला तर पत्रिका बाद. पुढचे आकडे घालणं न घालणं ज्याची त्याची मर्जी. राज्यांतल्या पेट्या मग विमानाने दिल्लीला जातात. 2022 मध्ये तर त्यांची तिकिटं ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने काढली होती!

जिंकायला नुसती आघाडी पुरत नाही, वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. ती कुणालाच मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या गठ्ठ्यातल्या पत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. ही वेळ आजवर एकदाच आली, 1969 मध्ये.

डॉ. झाकिर हुसेन यांचं मे महिन्यात निधन झालं होतं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, तर व्ही. व्ही. गिरी अपक्ष. इंदिरा गांधींनी पक्षाच्या मतदारांना सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं. त्याचा रोख कुणाकडे होता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तिसरे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे आपले सी. डी. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष त्यांच्या पाठीशी होते.

20 ऑगस्टला मोजणी झाली. गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, देशमुख 1,12,769. हवी होती 4,18,169. गिरींना 16,654 कमी पडली. बाकीच्या किरकोळ उमेदवारांची सगळी मिळून 8,505; ती सगळीच्या सगळी गिरींच्या पदरात पडली असती तरी भागलं नसतं. म्हणजे निकाल देशमुखांच्या गठ्ठ्यात अडकला होता.

फेरवाटपात रेड्डींची 91,879 मतं वाढली, गिरींची फक्त 18,562. दुसऱ्या पसंतीत जवळजवळ पाचपट मिळवूनही रेड्डी हरले! गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. सुमारे अकरा हजार मतं कुणाच्याच खात्यात गेली नाहीत, कारण त्या पत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती. या पद्धतीने निकालाला बहुमत मिळवून दिलं खरं, पण ते काठावरचं: मर्यादेहून 1,908 ने जास्त. मला तरी यात पद्धतीचं यश दिसतं. गिरींना पहिल्या फेरीच्या आघाडीवरच विजयी ठरवलं असतं तर निम्म्याहून अधिक मतं त्यांच्या विरोधात राहिली असती.

वाद मिटला नाहीच. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा तंटा फक्त सर्वोच्च न्यायालयात जातो. रेड्डींची बदनामी करणारं पत्रक संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये वाटलं गेलं, ही मुख्य तक्रार. पदावर असलेले गिरी स्वतः साक्ष द्यायला न्यायालयात आले. 1970 मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या.

किरकोळ उमेदवारांना आळा घालायला 1974 मध्ये कायदा बदलून उमेदवारीसाठी दहा सूचक आणि दहा अनुमोदकांची अट आली, पुढे 1997 मध्ये ती पन्नास-पन्नासवर गेली. रेड्डी मात्र 1977 मध्ये राष्ट्रपती झालेच. अर्ज 37 आले होते, त्यांतले 36 छाननीत बाद झाले. मतपत्रिका उघडायची वेळच आली नाही.